अपोलो बंदरावरील भरतीच्या नोंदी : समुद्राच्या इतिहासाचें एक साधन

१. रेल्वेच्या स्टेशनांवरील पाट्यांवर गांवाच्या नांवाखालीं त्या गांवाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याचा परिपाठ आहे. प्रवासी ती पाहतो व विसरतो. ही उंची ज्या समुद्रापासून मोजिली त्याची सपाटी कोणीं, कोठें व केव्हां ठरविली, आणि ठरविल्यापासून आजपर्यंत ती स्थिर राहिली आहे कीं नाहीं, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. समुद्र बदलत आहे, तो तापत आहे व चढत आहे, असें शास्त्रज्ञ सांगतात. हें त्यांनीं कोणत्या पुराव्यावरून ठरविलें, तो पुरावा कसा जमला व त्याची परीक्षा कशी झाली, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

विषय समुद्राचा असतां आरंभ कोंडाण्यापासून करण्यास कारण आहे. कर्जत तालुक्यांतील कोंडाणें हें खेडें राजमाचीच्या पायथ्याशीं आहे. तेथील लेणीं इसवी सनापूर्वीं पहिल्या-दुसऱ्या शतकांत खोदलेलीं असून, कण्हाचा शिष्य बलक यानें काम केल्याचा उल्लेख तेथील कोरीव लेखांत आहे. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल ज्या वाटांनीं घाट चढे, त्याच टापूंत हीं लेणीं येतात. गांवाजवळून वाहणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर या मार्गानें कल्याणाजवळ खाडीस मिळते. आणि मृगापासून हस्तापर्यंत राजमाचीच्या कड्यावर जो पाऊस कोसळतो, तो अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांचाच असतो. समुद्र दृष्टीस पडत नसला तरी त्याच्या स्थितींत पडलेला फरक या खेड्यास परका नाहीं. शिवाय कोंडाण्याची नकाशावरील उंचीहि ज्या शून्यापासून मोजली आहे, त्या शून्याचा एक आधार मुंबईच्या अपोलो बंदरावर आहे. तो कसा, हें पुढें येईल.

२. समुद्राविषयीं जुनीं साधनें आपल्याकडे नाहींत असें नाहीं. परशुरामानें समुद्र मागें हटवून कोंकणची भूमि मिळविल्याची कथा सह्याद्रिखंडांत आहे. संस्कृतांत ‘वेला’ या एकाच शब्दानें किनारा, भरती व काळ हे तीनहि अर्थ व्यक्त होतात. समुद्राच्या चढउतारावरून वेळ ओळखणाऱ्या लोकांच्या भाषेस हें साजेसेंच आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा हिशेब प्रसिद्ध आहे : चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीस उधाणाची व अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीस भांगाची भरती म्हणतात. होडी केव्हां लोटावी व जाळें केव्हां टाकावें, हें ठरविण्यास एवढें ज्ञान पुरेसें होतें. परंतु शंभर वर्षांत समुद्र चार बोटें चढला कीं उतरला, हें त्यावरून कळणें शक्य नाहीं. कथेस तारीख नाहीं आणि हिशेबास माप नाहीं.

बंदरांच्या जुन्या उल्लेखांवरूनहि समुद्राची पातळी ठरवितां येत नाहीं. सोपाऱ्याचें उदाहरण बोधप्रद आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत सोपारा व कल्याण या दोन्ही स्थळांचा उल्लेख येतो. आज सोपारें किनाऱ्यापासून आंत पडलें आहे. एवढ्यावरून समुद्र उतरला असें अनुमान जो करील तो फसेल. कारण नद्यांच्या गाळानें खाडी भरून आली तरी बंदर आंत पडतें, आणि त्या वेळीं समुद्राची पातळी चढत असली तरीहि तें तसेंच दिसतें. साधन खरें असूनहि त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरूं शकतो, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

३. मोजमापाच्या साधनाचा इतिहास कच्छच्या आखातांत सुरू होतो. इ. स. १८७३ नंतर मोजणीखात्याचे अधिकारी बेअर्ड यांनीं तेथें भरती मोजण्याचीं यंत्रें बसविलीं. रणालगतची जमीन वर येत आहे कीं खचत आहे, याचा निर्णय करण्याचा त्यांचा मूळ हेतु होता. पुढें इ. स. १८७७ मध्यें किनाऱ्यावरील निरनिराळ्या बंदरांत पद्धतशीर नोंदी घेण्याचें सरकारनें ठरविलें, व तें काम बेअर्ड यांजकडे आलें. मुंबईस अपोलो बंदरावर इ. स. १८७८ पासून नोंदी सुरू झाल्या. आज गेटवे ऑफ इंडियाची कमान जेथें उभी आहे त्याच्याच लगतचें हें ठिकाण. कमानीची कोनशिला १९११ मध्यें बसली, तिच्या तेहतीस वर्षें आधींपासून तेथें समुद्राची पातळी लिहिली जात होती.

यंत्राची रचना साधी आहे. धक्क्यालगत एक उभी विहीर असते व तिच्या तळाकडे लहान भोंक असतें. भोंक लहान असल्यामुळें लाटांची खळबळ आंत पोहोंचत नाहीं. पाण्याची सावकाश होणारी चढउतार मात्र पोहोंचते. विहिरींतल्या पाण्यावर एक पोकळ डबा तरंगतो. त्याची तार कप्पीवरून पेन्सिलीपर्यंत नेलेली असते, आणि पेन्सिलीखालीं घड्याळाच्या गतीनें फिरणाऱ्या दंडगोलावर कागद गुंडाळलेला असतो. डबा चढला कीं रेघ चढते, उतरला कीं उतरते. जवळच्या पक्क्या दगडावर, ज्यास मोजणीखातें बेंचमार्क म्हणतें, एक खूण कोरलेली असते. यंत्राचें शून्य त्या खुणेशीं वेळोवेळीं ताडून पाहावें लागतें. हा दगड हरवला किंवा ताडून पाहण्यांत हयगय झाली, तर रेघ कितीहि सुबक असो, पुढच्या पिढीस तिचा उपयोग नाहीं.

या नोंदींचे तात्कालिक उपयोग दोन होते. पहिला बंदराचा. लॉर्ड केल्विन यांनीं भरतीचें पृथक्करण करण्याची जी गणितपद्धति बसविली, तिच्या आधारें पुढील वर्षाची भरती आधीं वर्तविणारें एक यंत्र एडवर्ड रॉबर्ट्स यांनीं इ. स. १८७९ मध्यें हिंदुस्थानच्या बंदरांसाठीं तयार केलें. त्यावरून गलबतांसाठीं भरतीचीं कोष्टकें निघूं लागलीं. दुसरा उपयोग मोजणीचा. देशभर डोंगर, गांवें व नद्या यांच्या उंच्या एका मापानें मोजावयाच्या तर शून्य एक असलें पाहिजे. तें शून्य मुंबईसह नऊ बंदरांच्या सरासरी समुद्रपातळीवरून निश्चित करून इ. स. १९०९ मध्यें उंच्यांचें पहिलें जाळें पुरें झालें, व नकाशांवरील उंच्यांस दीर्घकाळ तोच आधार राहिला. राजमाचीची, कोंडाण्याची व कर्जतची उंची या मार्गानें अपोलो बंदराच्या त्या विहिरीशीं बांधलेली आहे.

समुद्राचा शतकभराचा इतिहास लिहावा, असा या दोन्ही उपयोगांत हेतु नव्हता. तो उपयोग नंतरच्या लोकांनीं केला. जावाजवळील क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट इ. स. १८८३ च्या ऑगस्टांत झाला, तेव्हां त्या लाटेचा ठसा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील भरतीयंत्रांवर उमटला होता. इ. स. १९४५ च्या नोव्हेंबरांत मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप होऊन मुंबईपर्यंत लाटा आल्या. त्या वेळच्या मुंबई व कराची येथील नोंदी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं सहासष्ट वर्षांनीं, इ. स. २०११ मध्यें, पुन्हां अभ्यासिल्या. ज्या कारकुनानें त्या दिवशींचा कागद दंडगोलावरून काढून जपून ठेविला, त्याला हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

४. कागद हातीं आला कीं लिहिणारा कोठें उभा होता व त्यामुळें त्याच्या साक्षींत कोणता दोष येतो, हें आपण प्रथम पाहतों. भरतीयंत्राची साक्षहि तशीच तपासावी लागते. यंत्र धक्क्यास जखडलेलें असतें. समुद्र बोटभर चढला काय आणि धक्का बोटभर खचला काय, कागदावरची रेघ एकच. हुगळीच्या मुखाकडील डायमंड हार्बर येथील नोंदींत पातळी वर्षास पांच मिलिमीटरांहून अधिक वेगानें चढलेली दिसते. त्याचें कारण समुद्रापेक्षां गाळाची भूमि खचणें हें मानितात. उलट मुंबईचा पाया कातळाचा आहे, म्हणून तिची साक्ष अधिक भरंवशाची. परंतु तेथेंहि एक दुरुस्ती करावी लागते. मागील हिमयुगांतील बर्फाचें ओझें उतरल्यामुळें पृथ्वीचें कवच अद्याप हळूहळू सांवरत आहे, व त्याचा अल्पसा परिणाम दूरच्या किनाऱ्यांवरहि होतो.

दुसरी अडचण प्रमाणाची. मुंबईस उधाणाच्या दिवशीं पाणी चार मीटरांहून अधिक चढतें-उतरतें. या रोजच्या मोठ्या हालचालींत वर्षास मिलिमीटरभर होणारा फरक शोधावयाचा. त्यासाठीं तासातासाची पातळी वाचून, एका वर्षांतील आठ हजार सातशें साठ वाचनांची सरासरी काढतात. चंद्रसूर्यामुळें होणारी चढउतार सरासरींत बहुतेक मावळते. मग वर्षामागें वर्ष मांडीत गेलें म्हणजे जो हळू कल उरतो, तोच शोधाचा विषय. चंद्राच्या गतींतहि सुमारें साडेअठरा वर्षांचें एक चक्र असल्यामुळें दहापंधरा वर्षांच्या नोंदी या कामीं अपुऱ्या पडतात. म्हणून लांबी हाच या साधनाचा मुख्य गुण होय. उत्तर हिंदी महासागरांतील दीर्घ नोंदींत मुंबईच्या नोंदीचा मान पहिला आहे.

गोव्याच्या संस्थेंतील उन्नीकृष्णन् व शंकर यांनीं इ. स. २००७ मध्यें अशा दीर्घ नोंदींचें परीक्षण प्रसिद्ध केलें. मुंबईच्या मूळ नोंदींतून वर्षास सुमारें पाऊण मिलिमीटर, आणि कवचाच्या हालचालीची दुरुस्ती केल्यावर सुमारें १.२ मिलिमीटर एवढी वाढ निघाली. मुंबई, कोची, विशाखापट्टण इत्यादि विश्वसनीय ठिकाणांचा आंकडा १.०६ ते १.७५ यांच्या दरम्यान पडला. निरनिराळ्या ठिकाणच्या, परस्परांशीं संगनमत नसलेल्या साक्षीदारांचें म्हणणें जुळलें म्हणजे तें ग्राह्य मानावें, हा न्याय येथें लागू झाला. शतकास बारातेरा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित् अधिक, एवढी ही वाढ आहे.

याच नोंदींच्या अभ्यासांत एक अनपेक्षित गोष्ट निघाली. शंकर व शेट्ये यांनीं इ. स. १९९९ मध्यें दाखविलें कीं, मुंबईच्या समुद्रपातळींत दशकादशकांचे जे चढउतार दिसतात ते देशांतील पावसाच्या कमीअधिक दशकांशीं जुळतात. पाऊस अधिक पडला कीं नद्यांचें गोडें पाणी किनाऱ्याशीं अधिक येतें. गोडें पाणी खाऱ्यापेक्षां हलकें असल्यामुळें तेथील पातळी किंचित् वर राहते. बंगालच्या उपसागराचा किनारा अरबी समुद्राच्या किनाऱ्यापेक्षां उंच पातळीवर आहे, त्याचेंहि मुख्य कारण हाच गोडेपणा. उल्हासेसारख्या लहानमोठ्या सर्व नद्यांनीं समुद्रास दिलेल्या पाण्याचा हिशेब अशा रीतीनें भरतीच्या कागदावर पडून होता. तो वाचण्यास एकशेंवीस वर्षें लागलीं.

५. पातळीनंतर उष्णतेचा पुरावा. हा पुरावा मुख्यतः जहाजांच्या रोजनिशांतून येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर वारा, हवेचा दाब व तापमान यांच्या नोंदी ठेवीत. इ. स. १७८९ ते १८३४ या काळांतील अशा ८९१ रोजनिशांमधून सुमारें पावणेतीन लक्ष नोंदी काढून हवामानशास्त्रज्ञांनीं इ. स. २०१२ मध्यें त्यांचा उपयोग केला. ज्या कागदांत आपण आजवर व्यापार व लढाया शोधीत आलों, त्यांत हाहि इतिहास होता.

खोल पाण्याचें तापमान प्रथम मोठ्या प्रमाणावर मोजिलें तें ‘चॅलेंजर’ या इंग्रजी जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरींत. दोरीस थर्मामीटर बांधून तो खोल सोडावयाचा व वर ओढून वाचावयाचा, अशी रीत होती. इ. स. २०१२ मध्यें त्या नोंदी आजच्या मापनाशीं ताडून पाहिल्या, तेव्हां पृष्ठभागीं सरासरी ०.५९ अंश व वरच्या सातशें मीटर थरांत सरासरी ०.३३ अंश सेल्सिअस उष्णता वाढलेली आढळली. चॅलेंजर उत्तर हिंदी महासागरांत आलें नव्हतें. आपल्या समुद्रासाठीं तशी तुलना नंतरच्या मोहिमांवरूनच करावी लागते.

येथेंहि साक्ष जशीच्या तशी घेऊन चालत नाहीं. पूर्वीं खलाशी कॅनव्हासची बादली समुद्रांत सोडून पाणी वर ओढीत व त्यांत थर्मामीटर बुडवीत. ओल्या कॅनव्हासवरून पाण्याची वाफ होऊन तें वाचनापूर्वीं किंचित् थंड होई. आपल्या मातीच्या माठांतील पाणी गार राहतें तें याच कारणानें. पुढें यंत्रखोलींत घेतल्या जाणाऱ्या पाण्याचें तापमान लिहूं लागले, तें उलट किंचित् उष्ण येई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत यंत्रखोलीची रीत पाळणाऱ्या अमेरिकन जहाजांच्या नोंदींचें प्रमाण वाढलें व युद्ध संपतांच बादलीची रीत पाळणाऱ्या ब्रिटिश जहाजांच्या नोंदी पुन्हां वाढल्या. त्यामुळें १९४५ च्या अखेरीस सर्व जगाचा समुद्र एकाएकीं सुमारें तीन दशांश अंशांनीं थंड झाल्यासारखें दिसे. हा फरक समुद्राचा नसून मोजणाऱ्यांचा आहे, हें इ. स. २००८ मध्यें उघडकीस आलें. नकलकार बदलल्यानें पोथींत पडलेला पाठभेद ओळखून तो दूर करणें, याहून हें काम निराळें नाहीं.

असा दोष उद्भवूं नये म्हणून काय करावें, याचा एक उत्तम दाखला रायगड जिल्ह्यांतच आहे. तो समुद्राचा नसून चुंबकाचा आहे, पण रीत तीच. कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित वेध १८४१ पासून घेतले जात. अलिबागजवळील नागांवचे कै. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं तरुणपणीं याच वेधशाळेंत काम केलें होतें. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार व त्यामुळें सुया ढळणार, हें ओळखून संचालक मूस यांनीं इ. स. १९०४ मध्यें अलिबागेस नवी वेधशाळा उभारिली; परंतु जुनी लगेच बंद न करितां १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले. जुन्या साक्षीदारानें जाण्यापूर्वीं नव्याची ओळख पटवून दिल्यासारखें हें झालें, व नोंदींचा धागा तुटला नाहीं.

६. विसाव्या शतकांत अरबी समुद्राची शास्त्रीय पाहणी वाढली. इ. स. १९३३-३४ मध्यें ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरील जॉन मरे मोहिमेनें अरबी समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायु फारच कमी असल्याचें नोंदविलें. इ. स. १९६० ते १९६५ च्या सुमारास अनेक राष्ट्रांनीं मिळून हिंदी महासागराची मोहीम काढिली. भारताच्या बाजूनें ‘कृष्णा’ ही नौदलाची नौका तींत होती. त्या मोहिमेंतूनच १ जानेवारी १९६६ रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यांत दोना पावला येथें तिचें मुख्य ठिकाण आहे.

जहाज जेथें जातें तेथलेंच सांगतें, आणि पावसाळ्यांत तें फारसें जात नाहीं. हा उणेपणा आर्गो नांवाच्या तरंडांनीं भरून काढला. इ. स. २००० च्या सुमारास तीं समुद्रांत सोडण्यास प्रारंभ झाला. नोव्हेंबर २००७ मध्यें त्यांची संख्या तीन हजारांवर गेली. हें तरंड माणसाच्या उंचीच्या नळकांड्याएवढें असतें. तें हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतें, दर दहा दिवसांनीं दोन हजार मीटरांपर्यंत उतरून वर येतें, येतांना प्रत्येक थराचें तापमान व खारटपणा टिपतें, आणि पृष्ठभागीं येऊन उपग्रहाकडे तो मजकूर धाडतें. भारताकडून हें काम हैद्राबादची समुद्रविषयक माहिती-सेवा देणारी सरकारी संस्था पाहते; ती १९९९ सालची. मिळालेली माहिती जगांत कोणासहि विनामूल्य पाहतां येते.

पातळीचें काम आतां उपग्रहहि करितात. इ. स. १९९२ मध्यें सोडलेला ‘टोपेक्स-पोसायडन’ सुमारें तेराशें छत्तीस किलोमीटर उंचीवरून समुद्रपृष्ठावर लहरी सोडून, त्या परत येण्यास लागलेल्या वेळेवरून पाण्याची उंची काढीत असे. त्याच्यानंतर २००१, २००८, २०१६ व २०२० या सालीं त्याच मार्गाचे उपग्रह सोडले गेले, आणि प्रत्येक वेळीं जुना व नवा कांहीं महिने मागेंपुढें एकाच वाटेनें चालविले : अलिबागेचीच रीत अंतराळांत. भारत व फ्रान्स यांनीं मिळून केलेला ‘सरल’ हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेला, तोहि याच कामाचा. इ. स. २००२ पासून दुसऱ्या एका उपग्रहजोडीनें पृथ्वीच्या आकर्षणांतील सूक्ष्म फरकांवरून समुद्रांतील पाण्याचें वजनच मोजण्यास आरंभ केला.

यामुळें ताळा पाहतां येऊं लागला. पाणी तापलें कीं फुगतें, तो एक भाग. जमिनीवरचें बर्फ वितळून समुद्रास मिळतें, तो दुसरा. पहिला भाग तरंडें सांगतात, दुसरा वजन करणारे उपग्रह सांगतात, आणि दोहोंची बेरीज पातळी मोजणाऱ्या उपग्रहानें व बंदरांतील यंत्रांनीं स्वतंत्रपणें सांगितलेल्या आंकड्याशीं बऱ्याच अंशीं जुळते. जमाखर्च मिळाला म्हणजे वही खरी, हा व्यापाऱ्याचा नियम येथेंहि खरा ठरतो. १९०१ ते २०१८ या काळांत जगाचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. त्यांत १९०१ ते १९७१ पर्यंतचा वेग वर्षास १.३ मिलिमीटर होता, तो २००६ ते २०१८ मध्यें ३.७ झाला. आपल्या उत्तर हिंदी महासागराचा वेग १९९३ ते २०१७ या काळांत वर्षास ३.३ मिलिमीटर निघाला. मुंबईच्या जुन्या वहीशीं ताडून पाहिलें नसतें तर हा वेग नेहमींचा कीं नवा, हें सांगतां आलें नसतें.

७. या फरकाचा घाटाखालच्या प्रदेशाशीं काय संबंध, हें पाहूं. पृथ्वीवर सांठणाऱ्या जादा उष्णतेपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पोटांत घेतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं संपादिलेल्या व केंद्रीय खात्यानें इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, उष्णकटिबंधांतील हिंदी महासागराचें पृष्ठ १९५१ ते २०१५ या काळांत सरासरी एक अंशानें तापलें. हवा एक अंश तापली कीं तिची बाष्प धरण्याची शक्ति सुमारें सात टक्क्यांनीं वाढते. त्याच संस्थेंतील रॉक्सी कोल व सहकारी यांनीं इ. स. २०१७ मध्यें दाखविलें कीं, मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ मध्यें तिपटीनें वाढले, आणि त्यांचें बाष्प मुख्यतः अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या जोरदार लोटांतून येतें. अरबी समुद्रांतील चक्रीवादळेंहि २००१ ते २०१९ मध्यें त्याआधींच्या दोन दशकांच्या मानानें ५२ टक्क्यांनीं वाढल्याचें याच संस्थेच्या अभ्यासांत आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगडच्याच किनाऱ्यावर आलें.

२७ जुलै २०१९ रोजीं उल्हासेच्या पुरांत बदलापूर व वांगणी यांच्यामध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून हजारांवर प्रवासी होड्यांनीं सोडवावे लागले. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडी दरडीखालीं गेली. या दोन घटनांचा दोष थेट समुद्रावर टाकणें शास्त्रास धरून होणार नाहीं. दरड कोसळण्यास उतार, माती व वस्तीची जागा हीं कारणेंहि असतात, आणि एका प्रसंगावरून नियम बांधणें हा इतिहासांतहि दोषच मानितात. परंतु असे प्रसंग घडण्याचा संभव वाढत आहे काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचें उत्तर देणारा पुरावा वर सांगितल्याप्रमाणें होकारार्थी आहे. खाडीचें पाणी चढेल तसा खालच्या पट्ट्यांतील पुराचा उतार मंदावतो, ही गोष्ट सरळ गणिताची आहे. वितीवितीनें चढणारा समुद्र किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मनुष्यास दिसणार नाहीं; भरती व पूर एकाच दिवशीं आले म्हणजे मात्र ती वीत उंबरठ्याशीं मोजावी लागेल.

८. येथवरच्या विवेचनांतून दोन गोष्टी ठरतात. पहिली ही कीं, समुद्राच्या बदलाचें ज्ञान एखाद्या नव्या यंत्रानें एकाएकीं झालेलें नाहीं. रोजच्या कामासाठीं प्रामाणिकपणें ठेवलेल्या जुन्या नोंदी, त्यांच्यांतील दोषांचें निवारण, आणि स्वतंत्र साक्षींचा मेळ, या क्रमानें तें सिद्ध झालें आहे. जो कोणी तें नाकारूं इच्छील त्यानें याच क्रमानें त्यांतील चूक दाखविली पाहिजे. दुसरी गोष्ट कष्टाची आहे. बेअर्ड यांच्या काळीं पुष्कळ बंदरांत केवळ पांचसहा वर्षें नोंदी घेऊन यंत्र दुसरीकडे हलविलें गेलें; कारवार, मुरगांव हीं त्यांतलींच. भरतीचें कोष्टक करण्यास तेवढ्या नोंदी पुरेशा होत्या. समुद्राचा इतिहास लिहिण्यास मात्र त्या पुरत नाहींत, आणि गेलेलें वर्ष पुन्हां मोजतां येत नाहीं. मुंबईच्या दीर्घ नोंदींतहि अलीकडच्या काळांत खंड पडले आहेत. हरवलेला कागद एखादे वेळीं दुसऱ्या दप्तरांत सांपडेल; न घेतलेला वेध कोठेंहि सांपडणार नाहीं.

म्हणून या प्रांतांतील अभ्यासकांस एक सुचवावेंसें वाटतें. पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांत खाजण जमिनीस बांध घालून लागवड करणाऱ्या शिलोत्र्यांच्या घरीं बांधाची उंची, फुटीची तारीख व डागडुजीचा खर्च यांचे जुने कागद असण्याचा संभव आहे. कल्याणच्या खाडीकांठच्या घरांत व देवळांत पुराच्या रेघा दाखविल्या जातात. कर्जत व खालापूर तालुक्यांतील जुन्या शाळा, मळे व कचेऱ्या यांच्या दप्तरांत पावसाच्या नोंदी पडून असतील. या वस्तू आपण आजवर साधन म्हणून पाहिल्या नाहींत. त्यांची नक्कल करितांना तारीख, ठिकाण आणि जवळच्या एखाद्या न हलणाऱ्या दगडापासूनचें माप, हीं तीन लिहून ठेवावीं. मापावांचून खूण निरुपयोगी होते, हें अपोलो बंदराच्या विहिरीनें शिकविलें आहे. उल्हासेच्या कांठीं कोंडाण्यापासून कल्याणापर्यंत असें टिपण करण्यास दोनतीन माणसांचा एक पावसाळा पुरेल. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते मंडळाच्या नजरेस आणावे.